डोंगरावर-माळावर चरणाऱ्या गुरांना पेंड कधी आणि खनिज मिश्रण कधी? नाशिकच्या पट्ट्यासाठी सगळं सविस्तर

होळी जवळ आली की पशुखाद्याच्या दुकानात एकच प्रश्न, गाय वाळत चाललीय, बरगड्या मोजून घ्या अशी झालीय, कोणतं मिनरल मिक्श्चर देऊ? दुकानदार पण काय, समोरची पिशवी उचलून देतो, महिनाभर ती पावडर जाते आणि गाय आहे तिथेच. मग लोकं म्हणतात मिनरलचा काही उपयोग नसतो. उपयोग असतो हो, पण ते दिलं चुकीच्या महिन्यात.

सगळ्या लेखाचं सार आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. चरणाऱ्या जनावराला पावसाळ्यात खनिजं कमी पडतात आणि दिवाळीनंतर प्रथिनं कमी पडतात. त्यामुळे हिरव्यावर मीठ-खनिज आणि वाळल्यावर पेंड, हा क्रम. पैसा कमी असेल तर उलटं कधीच करू नका, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये नुसती मिनरलची पिशवी आणून पेंड बंद, असं. आता हे असं का, किती, कसं, ते पुढे.

हा काही माझा शोध नाही. ब्राझीलमध्ये आणि उत्तर ऑस्ट्रेलियात उष्ण हवामानाच्या कुरणांवर मांसासाठीची जनावरं वर्षभर मोकळी चरतात आणि तिथे याच प्रश्नावर खूप काम झालंय. गंमत म्हणजे ब्राझीलचं नेलोर म्हणजे मुळात आपल्या आंध्रातली ओंगोल, आणि ब्राह्मन नावाची जात अमेरिकेत तयार झाली ती पण आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोल वगैरेंच्या रक्तातून. आपल्याकडे मांसासाठी गोवंश पाळत नाहीत, राज्यात गाईच्या जोडीला बैलाच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे, पण पोट तेच, गवत साधारण तशाच जातीचं, आणि उन्हाळा तसाच लांब. तिथे वजन वाढवायचं असतं, इथे गाय वेळेवर माजावर यावी, कालवड लवकर गाभण राहावी आणि बैल पेरणीला उभा राहावा. खाऊ घालायचं शास्त्र एकच.

आधी गवत समजून घ्या

इगतपुरी, त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा हा पावसाचा पट्टा, डांगी जातीच्या जनावरांचा. सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव हा कोरडा माळ. दोन्हीकडे गवत थोडंफार तेच, पवना, मारवेल, डोंगरी, आणि चराई जास्त झालेल्या जागी कुसळी. जुलैत हे गवत कोवळं असतं तेव्हा वाळल्या वजनाच्या हिशोबाने त्यात ८ ते १० टक्के, कधी त्याहून जास्त प्रथिनं असतात. ऑक्टोबरात ते फुलोऱ्यावर येतं, बी धरतं, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत जे पिवळं उभं राहतं त्यात ३ ते ४ टक्केच उरतात. भाताच्या पेंढ्यात पण तेवढीच. बाजरीचं सरमाड आणि ज्वारीचा कडबा थोडे बरे, पण फार नाही.

गाईच्या मोठ्या पोटात जे जिवाणू असतात, खरं गवत तेच पचवतात, आणि त्यांना जगायला चाऱ्यात साधारण ७ टक्के तरी प्रथिनं लागतात. त्याच्या खाली गेलं की जिवाणू उपाशी, गवत पोटात तसंच पडून राहतं, पोट रिकामं होत नाही आणि गाय कमी खाते. म्हणजे समोर डोंगरभर गवत आहे, गाय चरतेय, पोट फुगलेलं दिसतंय आणि तरी ती उपाशी आहे. लोकं म्हणतात पोट तर टम्म आहे मग वाळते कशी, तर अशी वाळते. अशा वेळी थोडीशी पेंड दिली की ती स्वतः जेवढं पोषण देते त्यापेक्षा जास्त फायदा तिच्यामुळे जास्त खाल्ल्या आणि पचलेल्या गवताचा होतो. आणि अशा वेळी नुसतं खनिज दिलं तर? वाढच थांबलेली असते, शरीराला फॉस्फरस-कॅल्शियम लागणार तरी कशाला. म्हणून मार्चमधली पिशवी वाया जाते.

पावसाळ्यात बरोबर उलटं. प्रथिनं भरपूर, चारा भरपूर, वासरू झपाट्याने वाढतंय, गाय दुधावर आहे, आणि मग फॉस्फरस, मीठ, तांबं, जस्त असलं काहीतरी कमी पडतं. घाटमाथ्यावर इगतपुरीला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, जमिनीतून काय काय वाहून जातं आणि लाल मातीत फॉस्फरस असला तरी मातीच धरून ठेवते, गवताला देत नाही.

खर्च करण्याआधी तीन गोष्टी बघा

पहिली गोष्ट शेण. फुकटची लॅब आहे ही. उन्हाळ्यात शेण घट्ट, थरावर थर चढलेलं, वाळलं की गोवरीसारखं उभं राहतं आणि मोडलं तर आत लांब लांब काड्या दिसतात, तर प्रथिनं कमी आहेत हे नक्की. शेण मऊ, पसरट, आतल्या काड्या बारीक, तर सध्या पेंडीची घाई नाही.

दुसरी गोष्ट जंत. भातखाचराच्या कडेला, पाणथळीत चरणाऱ्या जनावरात लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतात राहणारे चपटे जंत, खूप असतात. जबड्याखाली पाणी धरल्यासारखी सूज, डोळ्याची आतली कड पांढरी, तर आधी डॉक्टरांना दाखवा. जंताचं नेहमीचं औषध प्रत्येक वेळी या फ्लूकवर चालतंच असं नाही, म्हणून शेण तपासून औषध ठरवलेलं बरं. जंत असलेल्या जनावराला पेंड घालणं म्हणजे जंतांना पंगत.

तिसरी गोष्ट काय चाटतं, काय चघळतं. हाडं, चपला, माती, चिंध्या, भिंत, दोरी असं खात असेल तर फॉस्फरस किंवा मिठाची कमतरता असू शकते, जंत पण असू शकतात. दक्षिण आफ्रिकेत गेल्या शतकाच्या सुरुवातीला आर्नोल्ड थेलर या पशुवैद्यकाने हेच उलगडलं होतं, माळावरची गुरं फॉस्फरस कमी पडला म्हणून मेलेल्या जनावरांची हाडं चघळायची आणि त्या सडक्या हाडातल्या बोट्युलिझमच्या विषाने मरायची. आपल्याकडे हाडांसोबत प्लास्टिकच्या पिशव्याही पोटात जातात, तो वेगळाच त्रास. डांगीत अजून एक खूण बघा, काळे ठिपके काळेच राहिलेत का तांबूस-मातकट झालेत. मातकट झाले तर तांबं कमी असण्याची शक्यता धरा.

वजन काढा, अंदाजावर जाऊ नका

वजनकाटा कुणाकडेच नसतो, टेप असते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात घ्या, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, झाले किलो. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर १,८०,००० भागिले ६६०, म्हणजे साधारण २७० किलो. थोडंफार मागेपुढे होईल पण दर महिन्याला त्याच माणसाने त्याच टेपने मोजलं की चढ-उतार बरोबर कळतो, आणि आपल्याला तेवढंच पाहिजे.

उन्हाळ्याचा हिशोब

ही २७० किलोची गाय जानेवारीच्या वाळल्या गवतावर दिवसाला ५ किलो वाळला चारा खाते असं धरा. ३.५ टक्क्याने त्यातून १७५ ग्रॅम प्रथिनं आली. नुसतं अंग टिकवायला आणि पोट चालू ठेवायला अंदाजे ४०० ग्रॅम पाहिजेत. तूट झाली सव्वादोनशे ग्रॅमची. आता ही तूट कशाने भरायची ते तुमच्या भागात काय स्वस्त मिळतं त्यावर.

सरकी पेंड साधारण २२ टक्के प्रथिनांची, म्हणजे एक किलो लागेल. शेंगदाणा पेंड ४०-४२ टक्के, अर्धा किलो ते साडेपाचशे ग्रॅम पुरे. सोयाबीनची पेंड त्याहून थोडी वरच, ४५ च्या आसपास. खुरासणीची पेंड मध्ये कुठेतरी, तीस-पस्तीस टक्के, सातशे ग्रॅम धरा. सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडे खुरासणी अजून पेरतात, गावातल्या घाण्यावर तेल काढलं की पेंड तिथेच मिळते, तिला सोडू नका. बाहेर विकून सरकी विकत आणणारे लोक आहेत, मला ते कधीच कळलं नाही.

पेंड घेताना पिशवीचा भाव बघायचा नाही, प्रथिनाचा भाव काढायचा. समजा सरकी ३५ रुपये किलो आणि शेंगदाणा ५० रुपये किलो. ३५ भागिले ०.२२ म्हणजे एक किलो प्रथिनाचे १५९ रुपये. ५० भागिले ०.४२ म्हणजे ११९. महाग दिसणारी शेंगदाणा पेंड इथे स्वस्त पडली. तुमच्या आजच्या भावाने हाच हिशोब मोबाईलवर करा, दर महिन्याला उत्तर बदलतं. शेंगदाणा पेंडीला मात्र बुरशीची भीती जास्त, ओलसर, काळपट-हिरवी, कुबट वास मारणारी पेंड फुकट मिळाली तरी नको, अफ्लाटॉक्सिन यकृत खराब करतं आणि दुधातही उतरतं. मूठभर पेंड पाण्यात टाकून बघा, ग्लासच्या तळाला वाळू-माती बसली तर दुकान बदला.

दहा-बारा गुरं असतील तर १०० किलोचं घरचं मिश्रण करून ठेवा. सरकी पेंड ४५ किलो, खुरासणी किंवा शेंगदाणा पेंड २० किलो, मका भरडा १५ किलो, गव्हाचा कोंडा किंवा तूरचुनी १२ किलो, खनिज मिश्रण ५ किलो, मीठ ३ किलो. यात २० टक्क्याच्या आसपास प्रथिनं बसतात, किलोमागे ५० ग्रॅम खनिज आणि ३० ग्रॅम मीठ आपोआप जातं. मी वर म्हटलं उन्हाळ्यात नुसतं खनिज नको, पण पेंडीसोबत थोडं पाहिजेच, कारण पोट चालू झालं, खाणं वाढलं की शरीराची खनिजाची मागणी पण परत सुरू होते.

मोठ्या गाईला रोज एक किलो, कालवडीला अर्धा ते पाऊण. पहिल्या दिवशी पाव किलोने सुरू करा आणि दहा-पंधरा दिवसात पूर्ण प्रमाणावर न्या. संध्याकाळी गुरं परत आली की दावणीला बांधून एकेकाला द्या. सकाळी दिलं तर गाय गोठ्याच्या आसपास घुटमळते, चरायला मन लागत नाही. आणि मोकळं टाकलं तर शिंगाळी दांडगी गाय चार जणांचं खाते, आणि जिला गरज आहे ती पहिलटकरीण कोपऱ्यात उभी.

रोज देणं जमत नसेल, वस्ती लांब असेल, माणूस नसेल, तर तेलाची पेंड एक दिवसाआड दुप्पट दिली तरी चालते. गाय नत्र रक्तातून लाळेवाटे परत पोटात फिरवते त्यामुळे मधला दिवस निघतो. युरिया खाऊ घालायचं पुढे येतंय, त्याच्या बाबतीत मात्र हे अजिबात करायचं नाही, दुप्पट युरिया म्हणजे मेलेली गाय.

एक नेहमीचा प्रकार म्हणजे पेंड महाग म्हणून नुसता मका भरडा, शिळ्या भाकरी किंवा लग्नातला उरलेला भात घालायचा. यात ताकद असते, प्रथिनं नसतात, जिवाणूंची मूळ अडचण तशीच राहते, उलट पिठूळ जास्त झालं की वाळलं गवत आणखी कमी पचतं. भात-चपात्यांची पाटी एकदम दिली तर आम्लविषबाधा होऊन जनावर एका रात्रीत जातं, लग्नसराईत दरवर्षी अशा केसेस येतात.

ब्राझीलमध्ये कोरड्या महिन्यांत प्रोतेनादो नावाचं एक मिश्रण देतात, त्यात पेंड, खनिजं आणि मुद्दाम जास्त मीठ. मीठ जास्त असल्यामुळे जनावर थोडं खाऊन थांबतं आणि कुणी वाटत बसायची गरज राहत नाही, वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २७० किलोच्या गाईला पावणेतीनशे ग्रॅम. रानात वाडा असलेल्यांना कल्पना चांगली आहे, पण एक अट, पाणी भरपूर पाहिजे. नांदगाव-येवल्याकडे एप्रिलमध्ये जिथे गुरांना दिवसातून एकदाच पाणी मिळतं तिथे असलं खारट मिश्रण नको.

विकत काहीच घ्यायचं नसेल तर

बांधावरची झाडं. सुबाभूळ, शेवरी, हादगा, गिरिपुष्प यांच्या पाल्यात वाळल्या वजनावर २० टक्क्याच्या पुढेमागे प्रथिनं असतात. ओल्या पाल्याचं बघितलं तर चार किलोत आपली सव्वादोनशे ग्रॅमची तूट जवळजवळ भरते. चार किलो म्हणजे एक लहान भारा, एका गाईसाठी. दहा गाईंना रोज चाळीस किलो पाला तोडायला माणूस आणि झाडं दोन्ही लागतात, म्हणून पाला फक्त गाभण आणि वाढत्या जनावरांना आणि बाकीच्यांना पेंड असं वाटून घेतलं तर जमतं. सुबाभळीत मायमोसिन असतं, एकूण चाऱ्याच्या पावपटीच्या वर नको, नाहीतर केस गळतात, लाळ गळते. गिरिपुष्प पहिल्यांदा तोंडात घेत नाहीत, वासामुळे, अर्धा दिवस सुकवून द्या, मग सवय लागते. पाण्याची सोय असेल त्यांनी लसूणघास किंवा दशरथ घासाचा दोन-चार गुंठ्याचा तुकडा ठेवावा, दूध काढणाऱ्या गाईला त्यापेक्षा सोपं काही नाही. गायरानात मृगाच्या पावसाआधी स्टायलो या द्विदल चाऱ्याचं बी फेकून ठेवलं तर पुढच्या वर्षापासून गवतातच प्रथिनं यायला लागतात, फक्त पहिलं वर्ष चराई आवरती पाहिजे आणि ते गावाला पटवणं बी फेकण्यापेक्षा अवघड.

आणि गवत कापून गंजी लावणार असाल तर ऑक्टोबरात फुलोऱ्यावर असताना कापा, वाळून कुसळं झडेपर्यंत थांबू नका. कापणीचा एक महिना अलीकडे घेतला की प्रथिनं दीडपट-दुप्पट मिळतात, वर एक रुपया खर्च नाही. भातकापणी आणि गवतकापणी एकाच वेळी येते म्हणून लोकं गवत मागे टाकतात, समजू शकतो, पण निदान गाभण गाईंपुरतं तरी आधी कापा. वणव्याआधी घरात आलेलं गवत हेच आपलं, बाकी राम भरोसे.

पेंढ्यावर युरिया प्रक्रिया

भातपट्ट्यात पेंढा भरपूर आणि पेंडीला पैसे नाहीत, त्यांच्यासाठी हा मार्ग. १०० किलो वाळला पेंढा, ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवा, एकही खडा नको. जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर पेंढ्याचा वीतभर थर द्या, झारीने त्या थराच्या वाट्याचं द्रावण सारखं शिंपडा, पायाने दाबा, वर दुसरा थर. सगळं झालं की ताडपत्रीने हवाबंद करून कडेला माती-दगड लावा. २१ दिवस उघडायचं नाही, थंडीत चार आठवडे. उघडल्यावर पिवळसर-तपकिरी रंग आणि नाकात जाणारा अमोनियाचा झटका आला म्हणजे काम झालं. पांढरी-काळी बुरशी दिसली तो भाग फेका. रोज लागेल तेवढाच काढा, तासभर हवेवर पसरवून मग घाला, आधी साध्या पेंढ्यात मिसळून आणि आठवडाभरात पूर्ण. ३-४ टक्क्याचा पेंढा ७-८ टक्क्यावर येतो आणि मऊ पडल्यामुळे जास्त खाल्ला जातो.

द्रावणाची बादली गुरांच्या तोंडाच्या टप्प्यात ठेवू नका, तहानलेली गाय पिते आणि अर्ध्या तासात पडते. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना युरियाचं काहीच नको. उपाशी, अशक्त, आजारी जनावराला पण नको. कच्च्या सोयाबीनचा भरडा आणि युरिया एकत्र कधीच नाही, सोयाबीनमधलं युरिएज युरियाचा अमोनिया पटकन मोकळा करतं. हाताने पेंडीत युरिया कालवायच्या भानगडीत तर पडूच नका, खडा एका जागी राहतो आणि नेमका एकीच्याच तोंडात जातो. चाटण वीट, म्हणजे युरिया-मळी-खनिजाची, ती तयार घ्या, एनडीडीबीने, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने, हे तंत्र देशात आणलंय आणि काही दूध संघांकडे मिळते. कडक असते म्हणून चाटली जाते, चावली जात नाही, त्यातच तिची सुरक्षितता आहे, पावसात भिजून लगदा झाली तर ती विषच, काढून टाका. आणि वीट सोबत चारा पोटभर असला तरच, रिकाम्या गव्हाणीवर वीट टांगू नका.

युरियाची बाधा झाली तर अंग थरथरतं, तोंडाला फेस, पोट फुगतं, तोल जातो. दोन-चार लिटर व्हिनेगर भरपूर थंड पाण्यात मिसळून हळूहळू पाजायचं, गिळत असेल तरच, आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन, १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह पाहिजेच. युरिया वापरणाऱ्याच्या घरात व्हिनेगरच्या बाटल्या आधीपासून असाव्यात, रात्री आठला हरसूलला कुठे शोधणार.

पावसाळ्याचं मीठ-खनिज

जूनअखेर गवत उठलं की पेंड कमी करत बंद आणि हे सुरू. आयएसआय मार्कचं, बिनमिठाचं खनिज मिश्रण घ्या ज्यात कॅल्शियम २० आणि फॉस्फरस १२ टक्क्याच्या आसपास लिहिलंय. पिशवीवर फॉस्फरसचा आकडाच नसेल किंवा ४-५ टक्के असेल तर तो रंगीत चुना समजा. साधा प्रकार म्हणजे खनिज मिश्रण आणि आयोडीनयुक्त मीठ अर्धं-अर्धं, मोठ्या जनावराला रोज ६०-७० ग्रॅम, वासरांना निम्मं. हाडं चघळणं, लंगडणं, गाभण न राहणं असं असेल तर खनिज मिश्रण ४० भाग, खाद्य दर्जाचं डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) २० भाग, मीठ ३५ भाग आणि चवीला कोंडा ५ भाग. यातून ६० ग्रॅममध्ये ५ ग्रॅम फॉस्फरस जातो. डीसीपी खाद्य दर्जाचंच हवं. शेतात टाकायचं सुपर फॉस्फेट कधीही घालू नका, त्यात फ्लोरिन असतं, दात आणि हाडं कायमची जातात.

भाताचा पेंढा मुख्य चारा असेल तर कॅल्शियमकडे पण बघा, पेंढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि व्यायल्यावर गाय बसते.

पावसात हे मिश्रण ठेवायचं कुठे हा खरा प्रश्न. इगतपुरीच्या पावसात उघडी पाटी दोन तासात खीर. जुना प्लास्टिकचा ड्रम आडवा अर्धा कापून दोन बाजूंना भोकं पाडा, चार खांबांवर पत्रा टाकून त्याखाली गुरांच्या छातीच्या उंचीला बांधा, तळाला भोकं ठेवा. पाणवठ्यापासून थोडं लांब, विसाव्याच्या झाडाजवळ. पहिले आठ दिवस मिठाला हपापलेली गुरं डबल खातील, घाबरू नका, पाणी मात्र समोर ठेवा, मग खाणं आपोआप खाली येतं. रोज गोठ्यात येत असतील तर हा सगळा खटाटोप नको, मूठभर कोंड्यात कालवून द्या.

सगळ्यांना पुरत नसेल तर कुणाला आधी

शेवटचे तीन महिने गाभण असलेली गाय, तिच्यातही पहिलटकरीण सगळ्यात आधी, कारण ती स्वतः पण अजून वाढतेय. मग दूध तुटलेली ६ ते १८ महिन्यांची वासरं, त्यांचा पहिला उन्हाळा खुरटला की कालवड वर्षभर मागे जाते. मग पेरणीचे बैल, मे महिन्यापासून. भाकड, गाभण नसलेली मोठी गाय शेवटी, ती थोडी उतरली तरी पावसाळ्यात भरून काढते. लोकं नेमकं उलटं करतात, जी दूध देतेय तिला सगळं आणि गाभणीला दूध नाही म्हणून काही नाही, आणि मग ती व्यायली की चिकाला पण दूध नसतं आणि पुढचे आठ महिने माजावर येत नाही.

नाशिकचे खास धोके

कांदा. भाव पडला की ट्रॉलीच्या ट्रॉली गुरांपुढे पडतात. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल-कॉफीसारखी होते, जनावर पांढरं पडतं. चाऱ्यात थोडा मिसळून गेला तर चालतं, ढीग पुढे टाकून मोकळं सोडू नका, सडका तर नकोच. लाल लघवी गोचिडाच्या तापानेही होते आणि व्यायल्यानंतर फॉस्फरस घसरला तरी होते, तिघांचा उपचार वेगळा, म्हणून डॉक्टरांना कांदा घातला होता का हे न लपवता सांगा.

द्राक्षाचा पाला. एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला पाला भरपूर पडतो आणि नेमका एप्रिलमध्ये चारा नसतो, मोह होणारच. पण त्यावर काय काय फवारलंय ते बागवाल्यालाच माहीत, बोर्डोतलं (मोरचूद-चुन्याच्या फवारणीतलं) तांबं पण अंगात साठतं, मेंढ्यांना तर ते फारच बाधतं. फवारणीचा हिशोब खात्रीने कळला तरच घ्या. वाईनरीतला चोथा पोट भरायला ठीक, त्याला पेंडीचा पर्याय समजू नका, त्यात जे प्रथिन असतं तेही त्यातलं टॅनिन बांधून ठेवतं.

काम होतंय का, कसं कळेल

पेंड सुरू केल्यावर आठवड्याभरात शेण मऊ पडायला पाहिजे आणि गाय जास्त वेळ चरायला पाहिजे. नाही पडलं तर पेंड भेसळीची आहे, नाहीतर तिच्या वाटची दुसरीच खातेय, नाहीतर जंत. महिन्याने टेप लावा, उन्हाळ्यात घेर टिकला तरी जिंकलात, वाढायलाच पाहिजे असं नाही. केसांची चमक यायला दोन-तीन महिने जातात. खनिजाचा परिणाम त्याहून हळू, तो पुढच्या वेताला दिसतो, त्यामुळे पंधरा दिवसात पिशवी बदलत बसू नका. चाऱ्याची तपासणी करायची असेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, नमुना देताना गाय खरं जे खाते ते द्या, गंजीच्या वरचा काळा पडलेला थर नको.

शेवटचं, पहिला पाऊस पडला की पेंड त्याच दिवशी बंद करू नका. वळवाने कोवळे कोंब फुटतात, गुरं त्यांच्या मागे दिवसभर डोंगर पालथा घालतात, वाळलं गवत तोंडात घेत नाहीत आणि कोवळं पोटभर मिळत नाही, वर पातळ हागवण. या पंधरा दिवसात वजन बरंच घटतं आणि बऱ्याच अशक्त गाई पावसाच्या तोंडावरच पडतात. गवत वीतभर होईपर्यंत निम्मी पेंड आणि सकाळी सोडायच्या आधी पेंढ्याची एक पेंढी चालू ठेवा, आणि घटसर्प-फऱ्याची लस तेव्हा नाही, त्याआधी मे महिन्यातच टोचून घ्या.